घरगाडीवरची ताडपत्री

आर्डिस ट्वेट ही भिणाऱ्यातली बाई नव्हे. अडलेल्या गायीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून तिनं वासरं ओढून काढलेली. नाकातला श्वास गोठेल अशा थंडीत तीस वर्षं दोन्ही वेळच्या धारा काढलेल्या. सासरा जेवताना फार बडबडायला लागला तेव्हा भांडं त्याच्यापुढं आदळून 'आधी गिळा, मग बोला' म्हणालेली. गोठ्यात शिरलेल्या अस्वलाला तिनं फावडं घेऊन पिटाळलं, ही गोष्ट आमच्या चर्चच्या तळघरात अजून सांगतात. अशा बाईला त्र्याहत्तराव्या वर्षी भीती बसली ती एका ताडपत्रीची.

ताडपत्री घालायची होती घरगाडीवर. ट्वेटांची घरगाडी म्हणजे बसएवढं धूड. आत पलंग, चूल, मोरी, संडास, सगळं. ज्या साली गाई विकल्या त्या साली आर्डिसच्या नवऱ्यानं, व्हर्लिननं, ती घेतली. पुढं अकरा वर्षं बर्फ पडायच्या आधी दोघं ती हाकत उबेला खाली टेक्सासला जायची, ती वसंतात परत यायची. त्यामुळं थंडीत गाडी झाकावी की उघडी ठेवावी, हा प्रश्न त्यांच्या दाराशी कधी आलाच नव्हता.

बाकी गावाला तो दर वर्षी पडायचा. मका काढून झाला की धान्याच्या कोठारापाशी गडी माणसं खिशात हात घालून यावर भांडायची. एक म्हणायचा झाका, नाहीतर बर्फ छपराच्या जोडात शिरून जोड उसवतो. दुसरा म्हणायचा झाकू नका, आत दमट कोंडतं, बुरशी धरते, उंदरांना आयतं घर मिळतं, आणि वाऱ्यानं फडफडून ताडपत्रीच गाडीचं कातडं सोलून काढते. एंगेनांच्या घरातले दोघं चुलतभाऊ या वादापायी चर्चमध्ये एका बाकावर बसायचे बंद झाले होते. देवाच्या दारात एक पुढं, एक मागं.

त्या वर्षी ट्वेटांची गाडी दारातच राहणार होती. का, तर व्हर्लिनचा गुडघा. आर्डिसनं गावाला तसंच सांगितलं होतं. व्हर्लिन शिडीवरनं माकडासारखा वरखाली करताना लोकांनी बघितला होता, पण आमच्याकडं कुणी कुणाच्या गुडघ्याची उलटतपासणी घेत नाही.

खरी गोष्ट मार्चमध्ये घडली होती. टेक्सासहून येताना ओक्लाहोमात पेट्रोल भरायला थांबले. व्हर्लिन कॉफीचे दोन पेले घेऊन आला, एक तिच्या हातात दिला, स्टिअरिंगमागं बसला आणि तिच्याकडं वळून अदबीनं म्हणाला, "बाई, तुम्हाला कुठं सोडू?"

आर्डिसला वाटलं, चेष्टा करतोय. मग तिनं त्याचं तोंड बघितलं आणि कॉफी ठेवून त्याला शेजारच्या खुर्चीत बसवलं. पुढचे नऊशे मैल ते धूड तिनं स्वतः हाकलं, जन्मात कधी हाकलं नव्हतं ते. दातावर दात दाबून उजव्या कडेनं, मागच्या गाड्यांचे भोंगे खात. कान्सास ओलांडेपर्यंत त्याला ती पुन्हा ओळखू यायला लागली होती. पण घरी येऊन ती कुणाला चकार शब्द बोलली नाही. मुलगी रेने फार्गो शहरात असते. तिलासुद्धा गुडघाच सांगितला.

रेनेला सांगायचं नव्हतं त्याला कारण होतं. आर्डिसच्या आईचं डोकं असंच गेलं होतं. तिला फार्गोच्या म्हाताऱ्यांच्या घरात ठेवली होती, कुलपाच्या दारामागं. आर्डिस दर रविवारी जायची. आई खुर्चीत पट्टा लावलेली असायची आणि येईल त्याला विचारायची, 'वैरण कुणी टाकली का?' चार वर्षं तिनं तेच विचारलं. रेने समंजस पोरगी. बापाचं कळलं असतं तर तिनं कागद भरून, सगळं नीट करून, त्याला त्याच दारामागं नेऊन बसवला असता, आणि आपल्या आईची समजूतही घातली असती. आर्डिसला त्या समंजसपणाचीच धास्ती होती.

उन्हाळा कसाबसा निभला. पण ऑक्टोबरात पानं झडली, तशी व्हर्लिनच्या अंगात जुनी सवय जागी झाली. सकाळी उठला की लाल टोपी चढवायची आणि विचारायचं, निघायचं ना? पहिल्यांदा ती अडवायला गेली, तर दुसऱ्या दिवशी गडी पेटी घेऊन चालत हमरस्त्याला लागलेला. दुधाच्या टँकरवाल्यानं आणून सोडला. त्याला तिनं सांगितलं, डॉक्टरनं गुडघ्याला चालायला सांगितलंय. तेव्हापासून तिनं त्याला घरगाडीत बसू दिलं. तिथं तो निवायचा. स्टिअरिंगमागं दोन-दोन तास बसायचा, रेडिओचं बटण फिरवायचा आणि भूक लागली की मुकाट घरात यायचा. मोरीवरच्या खिडकीतनं तिला काचेआड त्याची लाल टोपी दिसायची. टोपी दिसली की ती भांडं घासायची. नाही दिसली की हात थांबायचा.

भ्यायचं होतं ते गाडीतल्या गॅसच्या हीटरला. गॅसची टाकी गाडीच्या पोटाखाली पक्की बसवलेली, आणि निघायचंय म्हणून व्हर्लिननं ती काठोकाठ भरून घेतलेली. आर्डिस तोटी बंद करायची, तो उघडायचा. इंजिनाची किल्ली तिनं केव्हाच दूर केलेली, पण दाराची लपवली तर तो दुसरी काढायचा. हीटरचा धूर बाहेर जायला गाडीच्या कुशीत हातभर लांब जाळी होती. ती मोकळी होती तोवर ठीक. ती कोंडली तर जो वायू आत साठतो त्याला ना वास ना रंग. माणूस झोपतो तो उठत नाही. त्यासाठी पलंगाशेजारी एक डबी असते, असा वायू साठला की किंचाळणारी. पण गाडी थंडीत ठेवायची तर डबीतले सेल काढून ठेवायचे, नाहीतर ते गळतात, हे व्हर्लिनला पक्कं ठाऊक. आर्डिसनं तीन वेळा सेल घातले. तीन वेळा त्यानं काढून कपात ठेवले. डोक्यातनं गेलेलं हातातनं गेलं नव्हतं.

गॅसवाल्याला बोलावून टाकी रिकामी करता आली असती. पण गॅसवाला कारण विचारणार, आणि गॅसवाल्याला दहाला कळलेलं बाराला सगळा गाव चघळतो.

तेव्हा ताडपत्री घालावी की घालू नये? घातली तर जाळी कोंडणार आणि टोपी दिसायची बंद होणार. नाही घातली तर छपराचा एक जोड आधीच उसवलेला, पलंगावरची लाकडी फळी फुगून आलेली. एका थंडीचा बर्फ त्यात शिरला की छप्पर बसणार. मग व्हर्लिन कुठं बसणार? रस्त्यावर. आर्डिस रोज अंगणात जाऊन एकदा छपराकडं बघायची, एकदा बर्फ येतो त्या उत्तरेकडं बघायची आणि काही न ठरवता आत यायची. रात्री अंथरुणात कूस बदलली की तोच हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

अशात एका मंगळवारी पामर एंगेन आला. पलीकडच्या शेतातला, चाळीस वर्षांपासूनचा शेजारी. ट्रॅक्टरनं कान गेलेले, त्यामुळं बोलायचा ते कोठारात हाळी दिल्यासारखं. आर्डिसनं कॉफी विचारली. नको म्हणाला. पुन्हा विचारली. म्हणाला, "कशाला तरास." तिसऱ्यांदा विचारली तेव्हा 'अर्धाच कप' म्हणाला आणि दोन भरून प्यायला. आमच्याकडची ही रीतच आहे. पहिल्याच वेळी हो म्हणणारा हावरा. दोनदा नको म्हणायचं ते वळणाचं नको, त्याला कुणी धरत नाही. खरंच नको असेल तर तिसऱ्यांदा म्हणायचं, आणि कारणासकट म्हणायचं.

पामर खिडकीतनं गाडीकडं बघत म्हणाला, "झाकली न्हाईस अजून. माझ्याकडं मोठी ताडपत्री पडून हाय. येतो आन् टाकतो."

"नको रं," आर्डिस म्हणाली. "असू दे."

"अगं, त्याचा गुडघा तसला. तू काय छपरावर चढणार हायेस व्हय?"

"नको, पामर. नुसत्या छपरावर कायतरी टाकीन मी."

"नुसतं छप्पर झाकायचं म्हंजे टोपी घालून बिनचड्डीचं फिरायचं," पामर म्हणाला आणि आपल्याच बोलण्यावर खुसखुसला. "मी टाकतो म्हनलं ना."

आता तिसरं नको म्हणायचं होतं. ते ओठावर आलं, पण त्याच्या मागं लावायला कारण नव्हतं. म्हणजे होतं, एकच होतं. तेवढ्यात व्हर्लिन आतनं आला, पामरच्या पाठीवर थाप मारून 'काय म्हाताऱ्या' म्हणाला, अगदी शहाण्यासारखा, आणि खुर्चीत बसला. त्याच्यासमोर काय बोलणार?

"बगू," आर्डिस म्हणाली.

पामर समाधानानं गेला. 'बगू' म्हणजे आमच्याकडं हो.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या शनिवारी चर्चमध्ये माशाचं जेवण असतं. क्षारात भिजवून थरथरीत केलेला सुका मासा, वर लोणी, बटाटे. वास असा की परका माणूस जिन्यावरनं माघारी फिरावा, आणि आमचे लोक साठ मैलांवरनं येतात. आर्डिस पस्तीस वर्षं तिथं बटाट्यांवर. गेली नसती तर लोक विचारत घरी आले असते. तिनं व्हर्लिनला टीव्हीवर सामना लावून दिला, सँडविच हाताशी ठेवलं, घरगाडीच्या गॅसची तोटी पक्कड लावून आवळली आणि दहाला निघाली. दुपारी एकपर्यंत परत यायचं असं ठरवून. आभाळ शिशासारखं उतरलेलं. संध्याकाळी वादळ येणार असं रेडिओ सांगत होता.

साडेबाराला ती बटाटे सोलत होती. शेजारी पामरची बायको जॉइस लोणी वितळवत होती. जॉइस हसत म्हणाली, आज आमचा म्हातारा जेवायला उशिरा येणार, पुण्य कमवायला गेलाय. कुणाकडं, ते सांगू नको म्हणालाय. मग तिला राहवलं नाही.

"तुझ्याकडंच गं. वादळाच्या आधी गाडी झाकून देतो म्हनला. तू लाजतेस, म्हनून तू इथं असतानाच. अकरालाच गेलाय."

आर्डिसच्या हातातला बटाटा पाण्यात पडला. ती भिंतीवरच्या फोनकडं गेली आणि घरी लावला. पंधरा वेळा वाजला. कुणी उचलला नाही. जॉइसला विचारलं, पामरचा फोन? जॉइसनं तो आपल्या पिशवीतनं काढून दाखवला. कायम माझ्याकडंच असतो, म्हणाली, त्याला ऐकू कुठं येतंय.

"काय झालं गं? पांढरीफटक पडलीस."

"चुलीवर भांडं राहिलं," आर्डिस म्हणाली आणि तशीच, ॲप्रनसकट, जिना चढली.

जिन्याच्या कडेला लांबच लांब टेबल होतं. गावची ॲम्ब्युलन्स चालवणारे तिघं गडी तिथं ताटं पुढं घेऊन बसले होते. ती त्यांच्या खांद्याला घासून गेली. एकानं विचारलंसुद्धा, बटाटे आणतेस ना? ती हो म्हणाली.

हे तिला तीन मैल गेल्यावर आठवलं. त्या तिघांच्या कानात एक शब्द टाकायचा होता. तो सोडून तिनं चुलीवरचं भांडं सांगितलं. माघारी फिरावं तर तीन मैल, पुढं जावं तर सहा. तिनं गाडी दामटली. ती मनाशी घोकत होती की तोटी आवळलीय, पक्कड लावून आवळलीय, तो टीव्हीपुढं झोपला असेल, म्हणून फोन उचलला नाही. आणि दर मैलाला तिला आठवत होतं, की पक्कड तिनं तिथंच, टाकीजवळच्या पायरीवर ठेवली होती.

अंगणात शिरली तेव्हा पामरचा ट्रक नव्हता. घरात सामना चालू होता. खुर्ची रिकामी होती. सँडविच तसंच.

मोरीच्या खिडकीतनं तिनं बाहेर बघितलं आणि तिला काच दिसली नाही, टोपी दिसली नाही. दिसलं ते निळं गाठोडं. पामरनं काम चोख केलं होतं. ताडपत्री चारी बाजूंनी जमिनीपर्यंत ओढलेली, दर हाताला गाठ, खालून दोरी फिरवून चाकांना बांधलेली, कोपऱ्यांवर जुनी टायरं लटकवलेली. वारा शिरायला बोटाएवढी फट नव्हती.

ती धावत गेली आणि कान लावला. आत हीटरचा पंखा घरघरत होता.

दाराची बाजू कुठली हेच तिला क्षणभर उमगेना. गाठी थंडीनं दगड झालेल्या. ॲप्रनच्या खिशात बटाट्याची सुरी होती, बोटभर पात्याची. तिनं ती ताडपत्रीत खुपसली आणि दोन्ही हातांनी खाली ओढली. ताडपत्री फाटली, पण दोरीनं दार अडवलेलं. दोरीवर ती सुरी घासत राहिली आणि व्हर्लिनला हाका मारत राहिली. आतनं काही नाही, नुसती घरघर. करवंटी खरवडावी तशी ती ती दोरी खरवडत होती. जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. शेवटी दोरी तुटली, त्यात तिचं बोटही कापलं, ते तिला नंतर कळलं.

दार उघडलं तसा गरम, ओला वाफारा तोंडावर आला. आत पावशेर उजेड. व्हर्लिन मागच्या पलंगावर आडवा होता. बूट काढून जोडीनं मांडलेले, पांघरूण छातीपर्यंत. गाल लाल, पोरासारखे. आर्डिसनं श्वास धरला, आत शिरली आणि त्याच्या काखेत हात घातले. ऐंशी किलोचा गडी. वासरं ओढलेली बाई ती, पण वासराला ओढताना गाय तरी जोर लावते. दोनदा तिला बाहेर येऊन श्वास घ्यावा लागला. तिसऱ्या खेपेला तो पायरीवरनं घरंगळला आणि दोघं गोठलेल्या जमिनीवर पडले.

तो हलत नव्हता. तिनं त्याच्या थोबाडीत मारली. पुन्हा मारली. मग त्याच्या पोटात काहीतरी गदगदलं आणि तो तिच्या ॲप्रनवर ओकला. आयुष्यात कुणाच्या ओकारीवर ती इतकी खूश झाली नसेल.

घरात जाऊन तिनं फोन केला. ॲम्ब्युलन्स बारा मिनिटांत आली. तिघांच्या अंगाला माशाचा वास येत होता. मागोमाग पामरचा ट्रक. घरी कपडे बदलून तो चर्चला पोचला, तसा जॉइसनं त्याला दारातच गाठून परत पाठवला होता. पामर गाडीतनं उतरला आणि फाटक्या ताडपत्रीकडं बघत उभा राहिला. मी दार वाजवलं घराचं, तो म्हणत होता, टीव्ही चालू होता, वाटलं दोघं गेलीत, चोरासाठी लावून ठेवलाय. गाडीला पडदे ओढलेले. कुनी बोललंच न्हाई. कुनी बोललं असतं तरी मला काय ऐकू...

व्हर्लिनच्या तोंडाला प्राणवायू लावला होता. तो मध्येच मुखवटा बाजूला करून पुटपुटला, "छपरावर पाऊस वाजत हुता. मग रात झाली. थंडी वाजली म्हनून पेटवलं." त्या भरदुपारच्या रात्रीचं त्याला काही नवल वाटलं नव्हतं.

ॲम्ब्युलन्सवरचा मोठा गडी, जो एरवी शाळेची बस चालवतो, गाडीभोवती फिरून आला. जाळीजवळ ताडपत्री वितळून पंजाएवढं भोक पडलं होतं, तिथनं थोडा वायू निसटला. पामरची ताडपत्री बाजारातली सगळ्यात हलकी होती म्हणून. जाड, चांगल्यातली टाकली असती तर आपण डॉक्टरला नाही, पाद्र्याला बोलावलं असतं, असं तो म्हणाला. मग त्यानं कागद काढला आणि आर्डिसला विचारलं, "गाडी बंद ठेवायची म्हनून झाकली, तर ह्यो आत काय करत हुता? पयल्यांदाच असं झालं का?"

'व्हय' तिच्या जिभेवर तयार होतं. पामर बघत होता. ते 'व्हय' ऐकून सगळे घरी गेले असते, उद्या पामरनं नवी ताडपत्री आणली असती, आणि परवा व्हर्लिननं टोपी चढवली असती.

"रोज बसतो," ती म्हणाली. "त्याचा गुडघा धडधाकट हाय. डोकं गेलंय त्याचं. मार्चपासनं. मी कुनाला सांगितलं न्हाई."

बसवाल्यानं ते कागदावर लिहिलं. पामर शिडीशिवायच मागच्या बंपरवर चढला आणि उरलेल्या दोऱ्या नखांनी ओढायला लागला, तिच्याकडं पाठ करून. त्याचे खांदे हलत होते.

"टाकीतला गॅस काढायला पायजे," ती त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आजच. आन् त्ये छप्पर पडंना का खाली."

पामरनं मान हलवली.

व्हर्लिनला ॲम्ब्युलन्समध्ये चढवलं. बसवाल्यानं तिला बस म्हटलं. ती म्हणाली, एक फोन करते. इस्पितळातनं कर की, तो म्हणाला. नाही, आताच. तिथं गेले तर काहीतरी दुसरंच सांगेन.

कापलेल्या बोटाचं रक्त फोनच्या बटणांना लागत होतं. पलीकडं तीनदा वाजला. चौथ्याला रेनेनं उचलला आणि नेहमीसारखं विचारलं, "काय गं आई, बाबाचा गुडघा कसाय?"

आर्डिसनं उघड्या दारातनं नवऱ्याच्या पायांकडं बघितलं. मोजे घातलेले, बूट घरगाडीतच राहिलेले.

"रेने," ती म्हणाली, "बसलीयेस का तू? आधी बस."